रुंद पडद्याची कैफियत

आमच्या गावच्या जत्रेत तंबूचा सिनेमा येत असे, त्या दिवसांतील एक प्रसंग या पुस्तकाची मुद्रिते वाचताना मला वारंवार आठवत राहिला. सिनेमास्कोपचा खेळ असला म्हणजे यंत्रावरील ऑपरेटरास नेहमीच्या भिंगापुढे आणखी एक जड, नळकांड्यासारखे भिंग बसवावे लागे. ते बसवण्याचे राहून गेले, अथवा रीळ बदलण्याच्या धांदलीत जागेवरून हलले, तर पडद्यावरील नायक एकाएकी शेवग्याच्या शेंगेसारखा उंच आणि किडकिडीत दिसू लागे, घोड्यांचे पाय लांबत, आणि टांग्याचे गोल चाक उभट होऊन अंड्याच्या आकाराने फिरू लागे. त्या क्षणी तंबूत जमिनीवर बसलेली शेदोनशे माणसे, ज्यांतील बहुतेकांचा भूमितीशी कधी संबंध आलेला नव्हता, एका आवाजात ‘लेन्स लाव’ म्हणून ओरडत, आणि चित्र पूर्ववत होईपर्यंत ती ओरड थांबत नसे. माणसाचा देह, जनावराची चण आणि चाकाची गोलाई यांचे खरे प्रमाण डोळ्यांत इतके मुरलेले असते, की त्यात पडलेली तफावत ओळखण्यास कोणत्याही शास्त्राची जरूर लागत नाही, याचा तो रोकडा पुरावा होता.

तो आवाज आज आमच्या घरांतून नाहीसा झाला आहे, आणि याचे मला मनापासून दुःख आहे. दिवाणखान्याच्या भिंतीवर पन्नास इंचांचा संच टांगलेला असतो, त्यावर प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ लागलेला असतो, विष्णुपंत पागनीसांची ती निवांत मुद्रा दोन्ही अंगांनी ताणली जाऊन रुंद झालेली असते, देहूची सारी माणसे ठेंगणी दिसत असतात, आणि घरातील आबालवृद्ध ते मुकाट्याने पाहत बसतात. तंबूतील प्रेक्षकास दाद मागण्यासाठी ऑपरेटर नावाचा एक हाडामांसाचा माणूस पाठीमागे उभा होता. घरातील प्रेक्षक मात्र स्वतःच ऑपरेटर झाला आहे, आणि हा अधिकार आपल्या हाती आला आहे याची वर्दी त्याला कोणी दिलेलीच नाही. पस्तीस वर्षे चित्रपटगृहाच्या यंत्रघरात काढून निवृत्त झालेल्या माझ्या स्नेह्याने हे पुस्तक लिहिले, ते या एका उणिवेच्या पूर्ततेसाठी. तंत्राचा तपशील त्यांनी पुढे यथासांग दिलाच आहे. त्या तपशिलामागे जो कलेचा प्रश्न उभा आहे, तेवढा या प्रस्तावनेत मांडावा अशी माझी इच्छा आहे.

चित्राला कडा असते, आणि ती कडा चित्रकाराने ठरवलेली असते. कोणती वस्तू चौकटीत घ्यावी, कोणती कडेबाहेर ठेवावी, दोन माणसांमध्ये किती मोकळी जागा सोडावी, हा निर्णय म्हणजेच रचनेचा निम्मा भाग होय. पुस्तकाचा समास कापला तरी मजकूर शाबूत राहतो. चित्रपटात मात्र समासही मजकुराचाच भाग असतो. हे एकदा मान्य केले, म्हणजे घरच्या संचावर चित्र कोणत्या आकारात उमटते हा प्रश्न केवळ सोयीगैरसोयीचा राहत नाही.

आता या तंट्याचे मूळ पाहू. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पस्तीस मिलिमीटर रुंदीची फीत मुक्रर केली आणि तिच्या कडेच्या चार छिद्रांइतकी उंची एका चित्रास दिली, तेव्हा जो आकार सिद्ध झाला तो चारास तीन, म्हणजे उंचीच्या १.३३ पट रुंदीचा होता. बोलपट आल्यावर ध्वनीच्या पट्टीने फितीवरील काही जागा व्यापली, चित्र चौरसाकडे झुकू लागले, आणि १९३२ मध्ये हॉलिवूडच्या अ‍ॅकॅडमीने १.३७ हे प्रमाण ठरवून ही घडी पुन्हा बसवून दिली. पुढे दूरचित्रवाणीने आपल्या काचेसाठी चारास तीन हेच प्रमाण उचलले, कारण तिच्या जन्मकाळी जगातील यच्चयावत चित्रपट जवळजवळ त्याच आकाराचे होते. म्हणजे आरंभी या दोन भावंडांत काडीचाही वितुष्टभाव नव्हता. आणि प्रभातचे, न्यू थिएटर्सचे, सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’सारखे चित्रपट त्या जुन्या उभट काचेवर अगदी सुखाने नांदत.

वितुष्ट आले ते व्यापारामुळे. अमेरिकेत घरोघरी संच झाले, चित्रपटगृहे ओस पडू लागली, आणि घरी जे मिळत नाही ते दाखवल्यावाचून प्रेक्षक परतणार नाही हे ओळखून निर्मात्यांनी पडदा रुंद केला. ३० सप्टेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्क येथे सिनेरामाचा पहिला खेळ झाला. त्यात तीन यंत्रे एकाच वेळी चालवून एका प्रचंड वक्र पडद्यावर तीन चित्रे शेजारीशेजारी जोडली जात. हा खटाटोप सर्वत्र पेलणारा नव्हता. फ्रान्समधील आंरी क्रेतियाँ या शास्त्रज्ञाने वीसच्या दशकात एक भिंग सिद्ध केले होते, जे चित्राची उंची कायम ठेवून रुंदी निम्म्याने आवळीत असे. ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्स या संस्थेने ते मिळवले, त्यास सिनेमास्कोप हे नाव दिले, आणि १६ सप्टेंबर १९५३ रोजी ‘द रोब’ हा चित्रपट त्या पद्धतीने लोकांपुढे आणला. फीत तीच, कॅमेरा तोच. घेताना चित्र आवळायचे आणि दाखवताना तितकेच पसरायचे, एवढीच काय ती युक्ती. आरंभी या चित्राचे प्रमाण २.५५ होते, पुढे ध्वनीची पट्टी फितीवर आल्यामुळे ते २.३५ झाले. मग इतरांनीही आपापली प्रमाणे काढली: अमेरिकेत १.८५, युरोपात बऱ्याच अंशी १.६६, सत्तर मिलिमीटरच्या फितीवर २.२०, आणि १९५९ च्या ‘बेन-हर’साठी तर २.७६. दहा वर्षे लोटण्याच्या आत जगातील चित्रपटांचा आकार एक उरला नाही, आणि घरातील काच मात्र चारास तीनच राहिली.

आपल्याकडे पहिला सिनेमास्कोप चित्रपट झाला तो गुरुदत्त यांचा ‘कागज़ के फूल’, १९५९ साली. व्ही. के. मूर्ती त्याचे छायाचित्रकार. पुढे दादासाहेब फाळके पुरस्काराचा मान मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार ठरले. या चित्रपटात रिकाम्या स्टुडिओच्या अंधारात वरून प्रकाशाचा एक भरीव झोत तिरका उतरतो. मूर्तींनी तो दिव्यांनी साधलेला नाही. बाहेरचे ऊन आरशांवर घेऊन त्यांनी ते आत वळवले होते. त्या झोताच्या अल्याड आणि पल्याड दिग्दर्शक सिन्हा आणि शांती अशी दोन माणसे उभी आहेत, आणि त्यांच्या मधली जी पोकळी आहे तीच त्या प्रसंगाची वेदना आहे. दोघांना जवळ येता येत नाही ही गोष्ट तेथे तोंडाने सांगितलेली नाही, रुंदीने सांगितली आहे. हिंदुस्थानात रुंद पडदा आला तो बहुतेकांच्या मते सैन्ये आणि मिरवणुका दाखवण्यासाठी; गुरुदत्तांनी तो दोन माणसांतील अंतर दाखवण्यासाठी वापरला, आणि माझ्या अल्पमतीप्रमाणे या माध्यमाचा इतका सखोल उपयोग जगात फार थोड्यांनी केला आहे.

हा चित्रपट मी काही वर्षांपूर्वी एका वाहिनीवर पाहिला, तेव्हा त्या प्रसंगी काचेवर प्रकाशाचा झोत होता आणि एका बाजूचे माणूस होते. दुसरे नव्हते. ते कडेबाहेर कापले गेले होते. आणि ज्या प्रेक्षकाने तो चित्रपट त्याआधी पाहिलेला नाही, त्याला तेथे कोणी उभे होते याचा सुगावा लागण्यासही जागा नव्हती. मी त्या रात्री अस्वस्थ झालो, तो अद्याप पुरता निवळलेलो नाही.

हे कसे घडते ते वाचकाने समजून घेतले पाहिजे. २.३५ प्रमाणाचे चित्र चारास तीनच्या काचेवर वरपासून खालपर्यंत भरून दाखवायचे, तर त्याचा शेकडा ५७ भाग तेवढा काचेवर मावतो. उरलेल्या ४३ भागांवर पाणी सोडावे लागते. मग कोणते ५७ भाग राखायचे हे ठरवण्यासाठी एक तंत्रज्ञ मेजाशी बसतो, आणि संवाद डावीकडे असेल तर चौकट डावीकडे, उत्तर उजवीकडून आले तर चौकट उजवीकडे, असे करीत तो साऱ्या चित्रपटावरून आपली खिडकी सरकवीत नेतो. दिग्दर्शकाने जेथे कॅमेरा निश्चल ठेवला होता तेथे तो हलू लागतो. जेथे दोन माणसे एका दृष्टिक्षेपात दिसावीत असे योजले होते तेथे एकदा हे, एकदा ते, असे तुकडे पडतात. इंग्रजीत या रिवाजास पॅन अँड स्कॅन म्हणतात. अमेरिकेत २३ सप्टेंबर १९६१ रोजी एनबीसी या जाळ्याने ‘हाउ टू मॅरी अ मिलियनेअर’ हा सिनेमास्कोप चित्रपट प्रक्षेपित केला, तेव्हापासून पुढील तीन-चार दशके घरोघरी पोचलेले बहुसंख्य रुंद चित्रपट असेच खंडित होऊन पोचले. दूरचित्रवाणीवर आणि पुढे व्हिडिओच्या फितीवर चित्रपट पाहत वाढलेल्या एका सबंध पिढीने ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मधील वाळवंट पाहिलेच नाही, त्यातील एक फाळका पाहिला, आणि मृगजळातून उंटावर येणारा तो स्वार, जो मोठ्या पडद्यावर प्रथम एक थरथरता ठिपका असतो, तो त्या लहानशा काचेवर बराच वेळ दिसतही नसे.

या अन्यायाविरुद्ध सिडनी पोलॅक या अमेरिकन दिग्दर्शकाने थेट न्यायालयात दाद मागितली. त्याचा ‘थ्री डेज ऑफ द कॉन्डॉर’ हा चित्रपट डेन्मार्कच्या दूरचित्रवाणीने असाच कापून दाखवला होता. १९९७ मध्ये तेथील न्यायालयाने निवाडा दिला, तो प्रक्षेपकास जबाबदार धरणारा नव्हता, कारण त्याने ती प्रत गैर हेतूने घेतली होती असे शाबीत झाले नाही. तथापि चित्र कापून दाखवणे ही कलाकृतीची विटंबना होय, आणि तिने कर्त्याच्या नैतिक हक्कास बाधा येते, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. फिर्यादी हरला आणि त्याचे म्हणणे जिंकले, असा हा विरळा खटला. मला या निवाड्याचे मोल फार वाटते. चौकटीची कड ही कर्त्याची मिळकत आहे, हे कायद्याच्या भाषेत लिहिले गेलेले मला त्यात दिसले.

कापण्याला पर्याय एकच होता आणि तो अत्यंत साधा होता. चित्र सबंध रुंदीने बसवायचे, आणि वरखाली जी जागा उरेल ती काळी ठेवायची. वुडी अ‍ॅलन यांनी आपल्या ‘मॅनहॅटन’ची व्हिडिओ प्रत अशीच काढावी असा हट्ट धरला आणि तो तडीस नेला. परंतु या काळ्या पट्ट्यांविषयी लोकांच्या मनात जो रोष आहे तो अजूनही ओसरलेला नाही. पैसे सबंध काचेचे मोजले आणि चित्र मात्र मधल्या भागातच, तेव्हा आपणास कोणीतरी नाडले आहे, अशी भावना होते; आणि ती वरवर पाहता स्वाभाविकही आहे. माझ्या स्नेह्यांनी या शंकेचे जे निरसन केले आहे ते मला या पुस्तकाचा आत्मा वाटते. ते म्हणतात की चित्रपटगृहातही ही काळी जागा होतीच. फक्त ती कापडाची होती. स्कोपचा खेळ असला की ते भिंग बदलीत, यंत्राच्या तोंडाची धातूची चौकट बदलीत, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचे काळे मखमली पडदे दोरीने मागे ओढीत. साधा खेळ असला की तेच पडदे पुढे येत. प्रेक्षक येण्याआधी हा सारा बंदोबस्त झालेला असे, म्हणून पडद्याचा काही भाग झाकलेला आहे असे कोणाच्या मनातही येत नसे. घरच्या संचाला मखमलीचे पडदे नाहीत. काळी पट्टी हेच त्याचे मखमल.

पुढे रुंद काचेचे संच आले, आणि आता हा तंटा मिटला असे सर्वांनी गृहीत धरले. सोळास नऊ हे नवे प्रमाण कोठून आले याची हकीकत मनोरम आहे. ऐंशीच्या दशकात कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने प्रचारातील सर्व प्रमाणांचे समान क्षेत्रफळाचे आयत कापले आणि ते एकमेकांवर मध्यबिंदू जुळवून ठेवले. तेव्हा त्या सर्वांना पोटात घेणाऱ्या बाहेरच्या आयताचे आणि सर्वांत समान असलेल्या आतल्या आयताचे प्रमाण सुमारे १.७७ असे एकच आले. दुसऱ्या रीतीने पाहावयाचे तर चारास तीनचा वर्ग केला की सोळास नऊ येतो. म्हणजे हा आकार कोणत्याही एका चित्रपटाचा नव्हे. उभट आणि रुंद या दोन पक्षांमधली ती तडजोड होय. यास्तव या काचेवर जुना चित्रपट लावला तर डावी-उजवी बाजू रिकामी राहणार, आणि स्कोपचा लावला तर वरखाली. हे तिच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेले आहे. १०८० ओळींच्या संचावर २.३५ चे चित्र सुमारे ८१७ ओळी व्यापते आणि १.३३ चे चित्र १९२० पैकी १४४० ठिपक्यांची रुंदी घेते. जे कोणी रिकामी जागा भरून दाखवतात ते चित्र तरी ताणतात, नाहीतर कापतात; तिसरा मार्ग अस्तित्वात नाही.

आणि नेमकी हीच मुभा संचाच्या रिमोटवर दिलेली आहे. ‘वाइड’ म्हणा, ‘झूम’ म्हणा, ‘स्मार्ट’ म्हणा, नावे निरनिराळी आहेत. पहिल्या प्रकारात चारास तीनचे चित्र आडवे तिसऱ्या हिश्श्याने फुगते. दुसऱ्यात रुंदी जुळवण्यासाठी उंचीचा चौथा हिस्सा कापला जातो, आणि ‘संत तुकाराम’च्या अखेरीस विमान वर वर जाऊ लागते तेव्हा काचेची कड वैकुंठाच्या पुष्कळ अलीकडे येऊन थांबते. तिसरा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यात मधला भाग जवळजवळ तसाच ठेवून केवळ कडा ताणल्या जातात. कॅमेरा बाजूला वळला की खांब, झाडे आणि माणसे कडेकडून मध्याकडे येताना बारीक होत जातात, आणि पाहणाऱ्याला काहीतरी बिनसले आहे असे वाटत राहते पण काय ते उमगत नाही. शिवाय जुन्या नळीच्या संचांत चित्राच्या कडा काचेआड किंचित दडवण्याची वहिवाट होती, कारण नळीच्या कडेला चित्र नीट बसेल याचा भरवसा नसे. आता नळी गेली तरी ती वहिवाट कित्येक नव्या संचांत कारखान्यातूनच चालू ठेवलेली असते, आणि चारही बाजूंनी चित्र विनाकारण छाटले जाते. ती बंद करण्याचे कलम संचाच्या यादीत बहुधा असते, पण ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘फुल पिक्सेल’ अशा नाना नावांखाली ते दडलेले असते. पुस्तकाच्या उत्तरार्धात त्यांचा शोध कसा घ्यावा हे सविस्तर आले आहे.

डीव्हीडीच्या बाबतीत एक खुलासा येथेच केलेला बरा, कारण सुजाण माणसेही त्यात फसतात. आपल्या पद्धतीच्या तबकडीवर चित्र ५७६ ओळींचे असते, मग ते उभट असो की रुंद. स्कोपचे चित्र काळ्या पट्ट्यांसह चारास तीनमध्ये बसवून नोंदले असेल, तर प्रत्यक्ष चित्राच्या वाट्याला सुमारे ३२७ ओळी येतात. तेच सोळास नऊमध्ये आवळून नोंदले असेल तर सुमारे ४३६, म्हणजे एक तृतीयांश अधिक. क्रेतियाँच्या भिंगाचीच ही युक्ती, भिंगावाचून केलेली. पण आवळलेले चित्र पुन्हा पसरायचे आहे ही सूचना यंत्राकडून संचाकडे पोचावी लागते. जुन्या पिवळ्या तारेवरून ती बहुधा पोचतच नसे, आणि यंत्राला आपण कोणत्या काचेस जोडलेलो आहोत हे कोणी सांगितलेले नसे, तेव्हा चित्र तंबूतल्यासारखे उभट दिसे. उलट पहिल्या प्रकारची तबकडी रुंद संचावर लावली की वरखाली आणि दोन्ही बाजूंना, अशी चहूकडून काळी चौकट पडून मध्ये पोस्टकार्डाएवढे चित्र उरते. केबलच्या पेटीत आणि संचात दोन्हीकडे आकाराची कलमे असतात, आणि एकाने चूक केली की दुसरा तिच्यावर आपली चूक चढवतो. म्हणून पेटीला चित्र जसेच्या तसे सोडण्यास सांगावे, आणि मग फक्त संचाकडे पाहावे, हा क्रम स्नेह्यांनी घालून दिला आहे तो कधीही मोडू नये.

एका प्रकाराची नोंद येथे अवश्य केली पाहिजे, कारण त्यात चित्र कमी न दिसता जास्त दिसते. पुष्कळ चित्रपट फितीवर उभट घेतले जातात आणि दाखवताना वरखाली झाकून रुंद केले जातात. आपला ‘शोले’ पस्तीस मिलिमीटरवर चित्रित होऊन सत्तरवर नेला गेला तो याच रीतीने. अशा फितीची घरगुती प्रत काढताना झाकण काढून टाकले, तर प्रेक्षकाला कधीच दिसू नये अशी योजना असलेले डोक्यावरचे आभाळ आणि पायाखालची जमीन दिसू लागते, क्वचित ध्वनिग्राहकाचा दांडाही डोकावतो. कोणी म्हणेल, अधिक मिळाले तर बिघडले काय? बिघडते ते हे, की माणसे चौकटीत लहान होतात, त्यांच्यावरचा दाब नाहीसा होतो, आणि दिग्दर्शकाने आवळून धरलेली मूठ सैल पडते.

हे पुस्तक हातात घेणाऱ्याने ते रिमोट शेजारी ठेवून वाचावे. गेल्या पावसाळ्यात मी स्नेह्यांच्या घरी गेलो होतो. ज्या चित्रपटगृहात त्यांनी हयात घालवली ते बंद झाले, तेव्हा तेथील मखमलीचा एक तुकडा त्यांनी मागून आणला होता. त्याच्या चार पट्ट्या शिवून त्यांनी त्या आपल्या संचाच्या चारही बाजूंना दोरीवर सरकतील अशा बसवल्या आहेत. त्यांनी प्रथम शिंप्याची फीत घेऊन काचेवरच्या एका स्थिर चाकाची उंची आणि रुंदी मोजली, दोन्ही सारखी भरली. मग ‘कागज़ के फूल’ची तबकडी लावली, बाजूच्या पट्ट्या मागे सारल्या, वरची पट्टी खाली आणि खालची वर ओढून चित्राच्या कडेशी नेमकी भिडवली, आणि खोलीतला दिवा मालवला. बाहेर पाऊस चालू होता. रिकाम्या स्टुडिओत उन्हाचा तो झोत उतरला, आणि त्याच्या अल्याड एक आणि पल्याड एक, अशी दोघेही तेथे उभी होती.